लेकरू दमलं, की मुंबईत जावं कुठं?

मुंबई दाखवायला आणलेलं लहान मूल साधारण अकराच्या सुमारास हात टेकतं. रात्रीच्या गाडीत झोप धड झालेली नसते, पहाटे सीएसएमटीला उतरल्यापासून पळापळ चाललेली असते आणि गेटवेच्या फरसबंदीवर ऊन तापायला लागलेलं असतं. फोटोवाले, फुगेवाले, बोटीच्या तिकिटांचा पुकारा. पोर फुटपाथवरच बसकण मारतं. मोठ्यांच्या यादीत अजून चार ठिकाणं शिल्लक असतात, म्हणून त्याला कडेवर घेऊन पुढची टॅक्सी पकडली जाते. संध्याकाळी मग सगळेच एकमेकांवर खेकसतात.

अशा वेळी लागते ती जागा पर्यटनाच्या पुस्तकात क्वचितच असते. तिथं बघण्यासारखं फार नसेल तर उत्तमच. गर्द सावली हवी. पोर हात सोडून पळालं तरी थेट रस्त्यावर जाणार नाही, असं कुंपण हवं. पाणी आणि स्वच्छतागृह जवळ हवं, आणि तासभर बसलं तरी ‘उठा’ म्हणणारं कुणी नको. दक्षिण मुंबईत अशा जागा अजून आहेत. त्यातल्या चांगल्या जागा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या आहेत, हे मात्र नव्या मुंबईकरांनी मनावर घ्यावं असं आहे.

सीएसएमटीपासून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं चाललं की हॉर्निमन सर्कल येतं. लोखंडी कुंपणाच्या आत गोल बाग, जुनी उंच झाडं, बाकडी. बाहेर गोलाकार उभ्या असलेल्या कमानीदार दगडी इमारती. इथं पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचं उघडं मैदान होतं. त्याला शिस्त लावून गोल बाग करावी, ही कल्पना तेव्हाचे पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांची. १८७२ च्या सुमारास ती ‘एल्फिन्स्टन सर्कल’ या नावानं पूर्ण झाली. त्याआधी, १८५० च्या दशकात, टाउन हॉलसमोरच्या वडाखाली मूठभर दलाल शेअरांचे सौदे करत. मुंबईचा शेअर बाजार त्यातूनच उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर बागेला बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं गेलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक आपल्याच सरकारवर इतके तुटून पडत, की १९१९ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आलं.

पोराला यातलं काही सांगायची गरज नाही. त्याला वाळकी पानं गोळा करू द्यावीत. कामाच्या दिवशी दुपारी कचेऱ्यांमधली माणसं इथं येतात, कुणी डबा खातं, कुणी बाकावर डुलकी काढतं. त्यांच्यात बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तर कुणी मान वळवूनही पाहत नाही. रविवारी तर सगळा कोट, म्हणजे फोर्टचा भाग सुना असतो, त्यामुळे मुलं घेऊन येणाऱ्यांनी फोर्टसाठी रविवारच राखावा. समोर टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या, प्रसिद्ध पायऱ्या आहेत. हा टाउन हॉल १८३३ चा. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी पायऱ्यांवर सावली असते आणि दुपारनंतर दगड पोळतो. पलीकडच्या सेंट थॉमस कॅथेड्रलचं (१७१८) दार उघडं असलं, तर शांतपणे आत जाऊन थोडा वेळ टेकता येतं. चर्चगेट हे नाव याच चर्चवरून आलं आहे.

काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हा दुसरा मुक्काम. अनेक जण तिकीट काढतात आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पोरांना सगळ्या दालनांतून ओढत फिरवतात. माझ्या मते या तिकिटाचा निम्मा मोबदला समोरच्या बागेतच मिळतो. कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून जॉर्ज विटेट यांनी ही इमारत रचली. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. पायाभरणी १९०५ ची, बांधकाम १९१४ मध्ये पुरं झालं, पण संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२ मध्ये. मधल्या काळात पहिलं महायुद्ध आलं आणि इथं लष्करी रुग्णालय चालवलं गेलं. म्हणजे थकल्याभागल्यांना या वास्तूनं आधीपासूनच आसरा दिलेला आहे.

आत गेलं की जाड दगडी भिंतींचा गारवा जाणवतो. लहानग्यांना मूर्ती आणि लघुचित्रं दाखवण्याचा हट्ट धरू नये, नैसर्गिक इतिहासाचं दालन तेवढं दाखवावं. आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालयही आहे. मग बागेत यायचं, पाणी प्यायचं, चपला काढून बसायचं.

बाहेर पडताना चुणचुणीत मूल विचारणारच, की काळा घोडा तो कुठाय? चौकात आज दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वार नसलेला घोडा. मूळचा, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला घोडा १९६५ मध्ये इथून हलवला. तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, आणि आपल्यालाही तिथंच जायचं आहे.

राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती मुळात वनस्पतींची बाग, प्राणी नंतर आले. २०१७ पासून मात्र सगळी गर्दी पेंग्विनच्या काचेकडे धावते आणि सुट्टीच्या दिवशी तिथली रांग पाहून मोठ्यांचाच जीव घाबरा होतो. पेंग्विन बघायचेच असतील तर कामाच्या दिवशी, बाग उघडताच जावं. पण विसावा हवा असेल तर पिंजऱ्यांकडे पाठ करून झाडांकडे वळावं. पन्नासहून अधिक एकरांत तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. बुंध्याला कवेत घ्यायला घरातली सगळी माणसं लागतील अशी गोरखचिंच, खोडालाच फुलं आणि तोफगोळ्याएवढी फळं धरणारा कैलासपती, लाल झुंबरांसारखी लोंबती फुलं असलेली उर्वशी. कैलासपतीखाली मात्र पोराला झोपवू नका, त्याची फळं खरोखरच डोक्यावर पडतात.

आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव याच हत्तीमुळे मिळालं. आत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, आणि त्या मुलांना बाहुल्यांइतक्याच आवडतात. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात. बाहेरगावाहून येणारे नेमके त्याच दिवशी येऊन फाटकाशी उभे राहतात, म्हणून ही सूचना.

तान्हं मूल बरोबर असेल तर प्रश्न निराळा. त्याला पाजायला आडोसा लागतो आणि बागेत तो मिळतोच असं नाही. एसटीच्या मोठ्या स्थानकांत हिरकणी कक्ष असतात. कुलूप असेल तर संकोच न करता चौकशी खिडकीवर किल्ली मागावी, कक्ष त्यासाठीच आहे. एरवी जुन्या हॉटेलांमधली फॅमिली रूम अजूनही उपयोगी पडते. दुपारी तीननंतर गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा चहा मागवून निवांत बसता येतं.

मलबार हिल मात्र दुपारच्या विसाव्यासाठी सुचवणार नाही. हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर वसलेलं आहे. झुडपं कापून केलेले प्राणी छान दिसतात, पण भर उन्हात तिथं थांबवत नाही. समोरच्या बागेतलं बुटाच्या आकाराचं घर, म्हातारीचा बूट, बघितल्यावर तर दमलेलं पोरही पुन्हा धावायला लागतं. तिथं पाचनंतर जावं. तिथल्याच बाणगंगा तलावाचा परिसर शांत आहे, फार सुंदर आहे, पण पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. मूल चालायला नुकतंच शिकलेलं असेल तर बाणगंगा पुढच्या खेपेला.