पाखरांची शाळा – भाग ५ : रिकाम्या ओट्यावरची चोच

खामगावच्या बाजार समितीत हर्रास आटोपून पोती भरायला लागली की पत्र्याखाली बसलेले पारवे खाली उतरतात. एका ओट्यावर मापारी काटा करत असतो. तिथं हरभरा भरपूर सांडतो. पलीकडच्या ओट्यावरचा माल केव्हाच उचललेला, फटीत अडकलेले दाणे तेवढे शिल्लक. तरी भरल्या ओट्यावरचा पारवा मधूनच उडतो, तिकडे दोन-चार चोची मारतो आणि परत येतो. बघणारा म्हणतो, पाखराला अक्कल नाही.

अक्कल आहे, आणि ती मोजता येते. बटणावर चोच मारली की दाणे देणारी स्किनरची पेटी मागच्या भागात आपण पाहिली. हार्वर्डच्या रिचर्ड हर्नस्टाईन यांनी १९६१ साली छापलेल्या प्रयोगात अशा पेटीत दोन बटणं होती. एका मांडणीत पहिल्या बटणाचे दाणे सरासरी सव्वादोन मिनिटांनी तयार होत, दुसऱ्याचे साडेचार मिनिटांनी. नेमके कधी, ते पारव्याला कळायला वाव नव्हता. तयार झालेले दाणे चोच पडेपर्यंत तिथंच थांबत. बटण बदलल्यावर पहिला दीड सेकंद काहीच मिळत नसे. नाहीतर पारवे नुसते इकडून तिकडे करत राहिले असते. पहिल्या बटणाकडून दाणे दुप्पट वेळा मिळत, आणि पारव्यांनी चोचीही साधारण दुप्पट मारल्या. प्रमाण बदललं की चोचींची वाटणीही बदले. याला जुळणीचा नियम म्हणतात.

सगळ्या चोची चांगल्या बटणावरच का नाहीत? कारण आपण तिकडे नसताना दुसऱ्या बटणामागे दाणे तयार होऊन बसलेले असू शकतात. जितका वेळ लोटला, तितकी ती शक्यता जास्त. रिकाम्या ओट्यावरून हमाल पोती नेतात, एखादं पोतं गळतं, वाऱ्यानं भुशाखालचे दाणे उघडे पडतात. अधूनमधून तिकडे फेरी मारणं फायद्याचंच. अर्थात तिथं बाकीचा थवाही टिपत असतो, म्हणून बाजारातला हिशेब पेटीइतका स्वच्छ नसतो. उलट दाणे वेळेवर नव्हे तर चोचींच्या संख्येवर मिळू लागले, की पारवा कमी चोचींत दाणे देणारं बटण धरतो आणि दुसरं जवळजवळ सोडूनच देतो. मला या पाखराचं खरं कौतुक वाटतं ते इथं.

हे पिंजऱ्यातलंच म्हणावं, तर विल्यम बॉम यांनी घराच्या माळ्यावर असंच यंत्र मांडलं आणि मोकळे पारवे तिथं येऊ दिले. १९७४ साली त्यांनी छापलेले आकडेही त्याच नियमाजवळ आले.

यार्डातले हमाल म्हणतात, “कितीबी हाकला, येतेतच.” येणारच. दर वेळी दाणा मिळणाऱ्या जागी एकदम मिळेनासा झाला, तर पारवा लवकर नाद सोडतो. जिथं कधी मिळतो, कधी नाही, तिथं तो कितीतरी जास्त वेळ चिकाटीनं येत राहतो. म्हणून आठवड्यातून दोनदा झाडू मारण्याचा उपयोग होत नाही. अर्धवट झाडलेला ओटा म्हणजे तीच अनियमित दाण्यांची पेटी. मालात विष्ठा पडून शेतकऱ्याचं नुकसान व्हायला नको असेल, तर काटा संपला की त्याच दिवशी फटींसकट ओटा झाडायला हवा, आणि नंतर काही दिवस पारवे येत राहिले तरी तो नेम मोडता कामा नये.