गप्प झालेला सर्व्हर

मुलांनो, बंद पडलेला कॉम्प्युटर ‘मी बंद पडलो’ असं सांगू शकेल का? नाहीच ना! मग रात्री दोन वाजता, सगळे गाढ झोपलेले असताना एखादा सर्व्हर बंद पडला, तर ते कळतं कसं? आणि त्याचं काम दुसरा सर्व्हर काही सेकंदांत उचलतो तरी कसा?

बँकेचे व्यवहार, रेल्वेचं आरक्षण अशी कामं एकट्या सर्व्हरच्या भरवशावर सोडत नाहीत. तीन, पाच, कधी शेकडो सर्व्हर मिळून ती करतात. या टोळीला म्हणतात क्लस्टर. एक पडला की दुसऱ्यानं त्याची जागा घ्यायची, हा झाला फेलओव्हर.

आता युक्ती बघा. ‘बिघाड झाला की सांगा’ असा नियम काय कामाचा? म्हणून नियमच उलटा केला: ठीक आहोत तोवर सतत सांगत राहायचं! अमेरिकेतल्या टँडम कंपनीच्या ‘नॉनस्टॉप’ कॉम्प्युटरमध्ये अनेक प्रोसेसर असायचे. १९७६ सालची ही गोष्ट. त्यातला प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला बाकीच्यांना ‘मी जिवंत आहे’ असा निरोप धाडायचा आणि दर दोन सेकंदांनी बघायचा, कुणाचा निरोप आला नाही? वर्गात बाई हजेरी घेतात तसंच, फक्त इथे सगळेच बाई आणि सगळेच विद्यार्थी. अशा निरोपांना आज हार्टबीट म्हणतात.

पण नुसतं ‘हजर’ म्हणून भागत नाही बरं का. कधी निरोप वेळेवर येत असतात, पण आतला प्रोग्राम अडकून बसलेला असतो, किंवा डिस्क काठोकाठ भरलेली असते. म्हणून देखरेख करणारा प्रोग्राम खरंखुरं काम सांगून बघतो: ही नोंद लिही, आता वाचून दाखव. दाखवली, तर तब्येत ठणठणीत.

खरी पंचाईत पुढेच आहे. निरोप आला नाही म्हणजे सर्व्हर बंदच पडला, असं थोडंच आहे? मधली केबल तुटली असेल. किंवा तो कामात इतका बुडाला असेल की निरोपाला उशीर झाला. बाहेरून हे सगळं अगदी सारखंच दिसतं! घाईघाईनं दुसऱ्याला प्रमुख नेमलं आणि पहिलाही जिवंत निघाला, तर दोघंही एकाच खात्यात आपापल्या नोंदी करत बसतील आणि हिशोबाचा पार विचका होईल. इंजिनिअर याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात आणि त्याला फार घाबरतात.

यावरचा उपाय म्हणजे मतदान. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेली ‘राफ्ट’ ही पद्धत मला तर फारच आवडते. पाच सर्व्हर घेऊ: क, ख, ग, घ, च. ‘क’ प्रमुख होता, त्याचे हार्टबीट थांबले. बाकीचे चौघे थोडं थांबतात, पण प्रत्येकाचा थांबायचा वेळ वेगळा, समजा १५० ते ३०० मिलिसेकंदांमधला कुठलाही. ‘ग’चा वेळ आधी संपला. तो म्हणतो, “फेरी क्रमांक ८. मला मत द्या!” एका फेरीत प्रत्येकाला एकच मत. त्याचं स्वतःचं एक आणि ख, घ यांची दोन, झाली की तीन! पाचातली तीन म्हणजे बहुमत. सगळ्यांचे वेळ सारखेच असते, तर चौघेही एकदम उभे राहिले असते, प्रत्येकानं स्वतःलाच मत दिलं असतं आणि कुणीच निवडून आलं नसतं.

आणि ‘क’ पुन्हा जागा झाला तर? तो अजून फेरी ७ मध्येच आहे, स्वतःला प्रमुख समजतोय. पण दुसऱ्या कुणाकडून ८ हा आकडा कळला, की मुकाट्यानं पायउतार होतो. राफ्टचा आणखी एक कडक नियम आहे: निम्म्याहून जास्त सर्व्हरांनी लिहून घेतल्याशिवाय कुठलीही नोंद पक्की धरायची नाही.

हा नियम इतका महत्त्वाचा का, ते गिटहबच्या गोष्टीवरून कळतं. जगभरातले प्रोग्रामर आपले प्रोग्राम तिथे ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दुरुस्तीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य केंद्राचा संपर्क तुटला, अवघे ४३ सेकंद. देखरेख करणाऱ्या प्रोग्रामांनी राफ्टनंच एकमत केलं आणि पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रमुख झाले. पण डेटाबेसमधल्या नोंदींना तो बहुमताचा नियम लागू नव्हता, त्यामुळे पूर्वेकडे नुकत्याच झालेल्या काही नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या! संपर्क जुळला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी होत्या, ज्या दुसरीकडे नव्हत्या. सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

आता एक कोडं. तिघांच्या क्लस्टरमधला एक बंद पडला तरी काम चालतं, पाचांतले दोन पडले तरी चालतं. मग चौघांतले किती पडले तर चालेल? दोन म्हणत असाल तर थांबा! चारांत बहुमत तिघांचं, म्हणजे एकच पडलेला चालेल. चौथा सर्व्हर विकत घेऊनही हाती काहीच आलं नाही, म्हणून अशा क्लस्टरमध्ये बहुधा विषम संख्येनं सर्व्हर ठेवतात. तीन पडले तरी काम चालायला हवं असेल, तर कमीत कमी किती सर्व्हर लागतील? घ्या पेन्सिल आणि मांडून बघा.