लकवा, दम आणि घड्याळ

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की अजूनही अनेक घरांत पहिलं वाक्य हेच येतं: "अंगावरून वारं गेलंय, मालिशनं उतरेल, सकाळपर्यंत पाहू." ही सकाळ फार महागात पडते. लकवा वाऱ्यानं होत नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडते किंवा फुटते, आणि बहुतेकांत कारण गुठळीच असतं. ती विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांत दिलं तर अपंगत्व कमी होतं, हे अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीनं १९९५ मध्ये दाखवलं. युरोपातल्या चाचणीनं २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर नेली. याच कामाचं टेनेक्टेप्लेज पुण्यातली जेनोव्हा कंपनी बनवते.

हे साडेचार तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री दहाला नीट झोपलेले आप्पा पहाटे पाचला लुळे उठले, तर हिशोब दहापासून. तरीही निघायचंच, कारण निवडक रुग्णांत मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेनं काढणं चोवीस तासांपर्यंत शक्य असतं.

"आधी जवळच सलाईन लावू" हाही घातक सल्ला. गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून १०८ ला फोन करतानाच सीटी कुठे चालू आहे ते विचारा. उदाहरणार्थ, अमळनेरहून धुळं सुमारे ३५ किलोमीटर, जळगाव त्याहून लांब. चुकीच्या दारात थांबायला वेळच उरत नाही. घरातली ॲस्पिरिनही देऊ नका, रक्तस्राव असेल तर ती घात करते. पाणीसुद्धा नको, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं.

लकवा हा फक्त मेंदूचा आजार, हेही खरं नाही. हृदयाचे ठोके एका विशिष्ट प्रकारे अनियमित झाले की हृदयातच गुठळ्या होतात आणि लकव्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो.

आता हृदयाकडे. "हार्ट फेल झालं म्हणजे संपलं" असं म्हणत काही जण उपचारच सोडतात, तर काही जण दम उतरला, डिस्चार्ज मिळाला म्हणून गोळ्या सोडतात. मला दुसऱ्यांची काळजी जास्त वाटते. लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शननं फुप्फुसातलं पाणी उतरतं, पण कमजोर पंप तसाच राहतो. घरी गेल्यावरचे पहिले आठवडेच सर्वांत धोक्याचे. स्ट्राँग-एचएफ या २०२२ च्या चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण मात्रेपर्यंत नेली आणि वारंवार तपासणी ठेवली; सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचं प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आलं. घरच्यांनी एवढं करावं: रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं.

हे सगळं कळलं ते चाचणीत सामील झालेल्या रुग्णांमुळे. तरी "आपल्याला उंदीर करतील" ही भीती आहेच. भारतात २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईही द्यावी लागते. कुठल्याही टप्प्यावर बाहेर पडता येतं. त्यापायी नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. सही करण्याआधी चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो खरा आहे का हे कुणालाही मोबाइलवर पाहता येतं.