गांवची वही मुलांच्या हातची

शेतकऱ्याच्या मुलास नदीची व्याख्या तोंडपाठ असते. पण आपल्या गांवची नदी पावसाळ्यानंतर कोणत्या महिन्यापर्यंत वाहते, असें विचारलें तर तो गप्प बसतो. दोष मुलाचा नव्हे. तें त्यास कोणीं कधीं विचारलेंच नाहीं. यास एक बिनखर्चाचा उपाय आहे, तो असा कीं मुलांकडून आपल्याच गांवची माहिती वृद्ध माणसांस विचारून, मोजून व पडताळून लिहवून घ्यावी. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीकांठच्या एका गांवीं हा उद्योग चाललेला आम्हीं पाहिला, व जुनीं कागदपत्रें वाचण्यापुरता त्यांत आमचाही हात लागला. तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

गांवची माहिती सरकारी दप्तरांत असतेच, मग मुलांनीं ती कशास लिहावी, असा आक्षेप येईल. आमचें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें, म्हणून सांगतों. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘शेताचें स्थानिक नांव’ अशी एक जागा असते. ती पुष्कळदां कोरी असते. आम्हीं स्वतःही ती कैक वेळां कोरीच पुढें उतरविली आहे, कारण तिच्यावांचून कोणाचें काम अडत नसे. दप्तरांत भोगवटादार सांपडतो, क्षेत्र सांपडतें, आकार सांपडतो. पाणी कोणत्या चारीनें येई आणि पिकाची राखण कोण करी, हें सांपडत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत खेड्यांतील व्यवहार बारकाईनें मांडला. पण एक ग्रंथ सर्व गांवांस कसा पुरावा?

पांझरा, मोसम या नद्यांवर पूर्वापार फडपद्धत चालत आलेली आहे, हें खानदेश व बागलाणच्या वाचकांस ठाऊक आहेच. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. नदींत दगडी बंधारा घालून पाट काढावयाचा, पाटाखालील जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे, व एका फडांत त्या सालीं सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. पुढील सालीं पिकांचा पालट. पाणी सोडणें पाटकऱ्याचें काम. मालकानें आपल्या हातानें बारें फोडावयाचें नाहीं. राखण जागल्याकडे. बहुधा प्रत्येक खातेदाराचा तुकडा प्रत्येक फडांत असे; म्हणून पाणी तुटलें व एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा सर्वांस सारखा बसे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यामुळें विखुरलेले तुकडे म्हणजे शेतीचा रोग, अशी आमची समजूत झाली होती. या फडांत तेच तुकडे न्यायाचा पाया होते, हें आम्हांस पन्नाशीनंतर सातवींतल्या मुलांच्या वहीवरून कळलें!

आतां पुष्कळ ठिकाणीं वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरी वाढल्या, व फड मोडले किंवा नांवाला उरले. या गांवचा पाट मात्र पावसाळ्यांत अजून वाहतो. तेथील गुरुजींनीं वर्गाच्या टोळ्या केल्या. एका टोळीनें गांठी मारलेल्या दोरीनें पाट मोजला व नकाशा काढला. दुसरीनें पाणी मोजलें. त्याची रीत कोणासही करतां येईल: सरळ पाटाचा ३० फूट भाग आंखावा, लाकडाचा हलका तुकडा सोडावा, व घड्याळ पाहावें. तुकडा २० सेकंदांत पोंचला. पाट ३ फूट रुंद, पाणी १ फूट खोल. म्हणजे सेकंदास साडेचार घनफूट. वरचें पाणी तळच्यापेक्षां जलद धांवतें, म्हणून सुमारें सातवा हिस्सा वजा करावा. अपूर्णांकांस भिणाऱ्या मुलांनीं हा हिशेब आपण होऊन तीनदां केला. मुलींच्या टोळीनें घरोघर आज्यांस विचारून बियाणें राखण्याच्या रीती लिहिल्या. आमच्या मतें सर्व वहींत हींच पानें सरस उतरलीं.

पंचाईत झाली ती जागल्याच्या पानावरून. फड धरणामुळें मोडला, असें गांवांतील थोर मंडळींनीं सांगितलें होतें. वृद्ध जागल्यानें मुलांस वेगळेंच सांगितलें: पाणी आटण्याच्या आधीं दोन सालें बिघ्यामागें ठरलेल्या पेंढ्या त्यास मिळाल्या नाहींत, म्हणून त्यानें राखण सोडली, गुरें शिरलीं, आणि एकेकानें आपापलें पीक घेण्यास आरंभ केला. हें वाचून दोघे खातेदार शाळेंत आले व पान फाडा म्हणाले. गुरुजींनीं फाडलें नाहीं. समोरच्या पानावर खातेदारांचें म्हणणें त्यांच्याच तोंडून, त्यांच्या नांवानिशीं लिहवून घेतलें. पुढें त्यांपैकींच एकानें वडिलांची हिशेबाची चोपडी आणून आमच्यापुढें टाकली. पेंढ्यांच्या रकान्यांत शेवटच्या दोन सालांपुढें कांहीं लिहिलेलें नव्हतें. कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘दिलें नाहीं’ असाच होतो, असें कारकून म्हणून आम्हांस म्हणतां येईना. ‘लिहिलें नाहीं’ एवढाच होतो. मुलांनीं तसेंच लिहिलें.

जमीनदार वाचकांस हें कडू वाटेल, हें आम्ही जाणतों. पण वही करावयाची तर भूमिहीनांच्या घरींही मुलांस पाठवावें. केवळ पाटलाच्या ओटीवर बसून लिहिलेल्या वहींत अर्धेंच गांव येतें. माणसाची परवानगी घेऊनच लिहावें, सांगणाऱ्याचें नांव व तारीख घालावी, लिहिलेलें त्यास वाचून दाखवावें. एक प्रत शाळेंत व एक ग्रामपंचायतींत ठेवावी.

जागल्या पुढल्याच पावसाळ्यांत वारला. पाटाच्या नकाशांत खालच्या दोन चाऱ्यांचीं नांवें आहेत. तीं त्याच्याखेरीज कोणास सांगतां आलीं नव्हतीं.