टस्कनीचे सूप, सोलापूरची कडक भाकरी

प्रवासाहून परतलेला मनुष्य सोबत काय आणतो, यावरून त्याची पारख होते, असे माझे वडील म्हणत. आमच्या सराफ कुटुंबाने गेल्या वर्षी इटलीहून यंत्रांची माहितीपत्रके, थोडी छायाचित्रे आणि एक सूप आणले. माहितीपत्रके पेढीच्या कपाटात गेली, छायाचित्रे भ्रमणध्वनीतच राहिली. सूप मात्र घरात रुजले. ते रुजताना आमच्या स्वयंपाकघरात जे घडले, ते वाचकांपुढे मांडावेसे वाटते. कारण तो प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही.

टस्कनी प्रांतातील अरेझ्झो हे शहर सोन्याच्या दागिन्यांच्या, विशेषतः साखळ्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. साखळी विणणारी यंत्रे प्रत्यक्ष पाहावीत, ही मुलाची इच्छा. मे महिन्यात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात असे पाच जण निघालो. सासूबाईंचे वय शहाऐंशी. त्यांच्या सोबतीला थोरल्या नणंदबाई येऊन राहिल्या. सामानात सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी भरपूर घेतली होती.

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारखीला अरेझ्झोचे आकर्षण वेगळ्याच कारणाने होते. याच जिल्ह्यातील सानसेपोल्क्रो हे लुका पाचोली यांचे जन्मगाव. 1494 साली व्हेनिस येथे छापलेल्या त्यांच्या गणितग्रंथात द्विनोंदी हिशेबपद्धतीचे सविस्तर विवेचन आले. एम. कॉम.च्या वर्गात हे नाव पाठ केले होते. ‘बँक’ हा शब्दसुद्धा इटालियन भाषेतील ‘बांको’, म्हणजे सराफाचे बाक, यावरूनच आलेला. म्हणजे गाव परके असले तरी व्यवसायाने सोयरेच.

खाण्याच्या बाबतीत मात्र सोयरीक सहज जुळली नाही. आमच्या उतरण्याच्या जागेजवळ एक वयस्क बाई लहानशी खाणावळ चालवीत. यंत्रकंपनीचा माणूस दुभाषी म्हणून सोबत होता. फळ्यावर ‘रिबोल्लिता’ असे लिहिलेले पाहून त्याने उत्साहाने सांगितले, “हे घ्या. शेतकऱ्यांचे सूप आहे, मांस नाही.” पांढरा घेवडा, काळसर पानांची एक कोबीवर्गीय भाजी, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे, असा तो प्रकार. वर्णन ऐकून आनंद झाला. पण पुढची चौकशी करताच एकेक अडचण समोर आली. कांदा होता, गाजर होते, बटाटा होता. आणि रिबोल्लिता या शब्दाचा अर्थच मुळी ‘पुन्हा उकळलेले’. आदल्या दिवशीचे सूप दुसऱ्या दिवशी उकळून वाढायचे, तेव्हाच त्याला हे नाव शोभते.

आमच्या घरात शिळे अन्न चालत नाही. हे दुभाष्याने सांगितल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटले ते राग नव्हे, नवल होते. त्यांच्या दृष्टीने कालचे अन्न टाकणे हे पाप, आमच्या दृष्टीने कालचे अन्न खाणे हा दोष. त्या संध्याकाळी आम्ही टोमॅटो आणि आमची भाकरी यांवर भागवले.

रात्री मी विचार करीत पडले होते. वाटले, दोन्ही रीतींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे : अन्न वाया जाता कामा नये. टस्कनीच्या गरीब शेतकऱ्याने त्यावर काढलेला उपाय म्हणजे उरलेले पुढे ओढणे, हिशेबाच्या भाषेत शिल्लक पुढील पानावर नेणे. आपल्या वाडवडिलांचा उपाय म्हणजे उरूच न देणे. दिवसअखेर चुलीवरची शिल्लक शून्य. पहिल्या रीतीला थंड हवा साथ देते. आपल्याकडच्या उष्ण आणि दमट ऋतूंत ओलसर अन्न रातोरात बिघडते, हे तर प्रत्येक गृहिणी जाणते.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच दुभाष्याकरवी निरोप धाडला. ताज्या पातेल्यात, कांदा-लसूण आणि जमिनीखालचे काहीही न घालता, त्या आमच्यासाठी सूप करणार होत्या. तेथे खाणावळी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात. मे महिन्यात सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. म्हणजे आमच्या हाती एक तास होता. सूप वाढताना बाई हसून म्हणाल्या, “पण याला रिबोल्लिता म्हणू नका. पहिल्या दिवशी ही ‘मिनेस्त्रा दी पाने’, पावाचे सूप. रिबोल्लिता ती उद्या होते.” आम्हाला हवे होते ते पहिल्या दिवसाचे रूप त्यांच्याच परंपरेत, वेगळ्या नावाने, आधीपासून होते. पावाऐवजी आम्ही कडक भाकरी चुरली. बाईंनी एक तुकडा नुसता खाऊन पाहिला आणि उरलेली अर्धी भाकरी मागून घेतली.

त्या टेबलाशी आणखी एक गोष्ट घडली. आमचे हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “आपण सगळे उजेडी, एकत्र बसून शेवटचे कधी जेवलो?” कोणीच उत्तर दिले नाही. सोलापुरात सासूबाई सहाच्या आत एकट्या जेवतात. पेढी आठला बंद होते. पुरुषमंडळी नऊला जेवतात. नातीचे जेवण शिकवणीच्या वेळेवर. सुनेने मुलीसाठी पास्त्यासारखे पदार्थ करायला वेगळी शेगडी मांडली, त्यालाही चार वर्षे झाली. भांडण कधीच झाले नाही. पण एका घरात तीन पंक्ती झाल्या होत्या.

या सुपाचा माग काढताना एका व्यापाऱ्याची ओळख झाली. पेल्लेग्रीनो आर्तुझी हे 1820 साली फोर्लिंपोपोली येथे व्यापारी घरात जन्मले. 1851 मध्ये दरोडेखोरांनी त्यांचे घर लुटले, तेव्हा कुटुंब फ्लॉरेन्सला आले. तेथे रेशमाच्या व्यापारात यश मिळवून ते निवृत्त झाले आणि पाककृती जमवू लागले. प्रकाशक मिळेना, म्हणून 1891 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वखर्चाने ग्रंथ छापला. पहिल्या आवृत्तीत 475 कृती होत्या; पुढे त्या 790 झाल्या. इटलीच्या घराघरांत तो पोहोचला. 1911 मध्ये निधन होताना त्यांनी ग्रंथाचे हक्क आपल्या घरी राबलेल्या दोन सेवकांच्या नावे ठेवले, ही गोष्ट मला ग्रंथाहून मोठी वाटते.

त्याच ग्रंथात टस्कनीच्या शेतकरी पद्धतीचे ‘बिनमांसाचे’ सूप आहे. मात्र साहित्याच्या यादीच्या शेवटी चवीसाठी सामिष तुकडे सांगितलेले आहेत! शीर्षकावर विसंबू नये, यादी अखेरपर्यंत वाचावी, हा धडा. तो मला घरी परतल्यावर अधिक कडक रीतीने शिकायचा होता.

परतल्यानंतरच्या पहिल्या सुटीच्या दिवशी सून आणि मी मिळून सूप केले. सुनेने तेथून हौसेने आणलेला पार्मेझान चीजचा तुकडा किसायला घेतला. सासूबाई दारात बसून पाहत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “हे दूध कशाने साकळवतात ग?” मी वेष्टन डोळ्यांजवळ नेले. ‘रेनेट’ हा शब्द होता. मूळ पार्मेझानच्या नियमांनुसार हे रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असते. चौतीस वर्षे कर्जाचे प्रत्येक कागदपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी मी, हा एक शब्द वाचायला चुकले होते. किसणी, ताट, चीज सारे बाजूला गेले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. तिला वाटले, तिच्या हौसेवरच बोट ठेवले गेले.

सासूबाई उठून तिच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, “चूक तुझी नाही, मला तरी कुठे ठाऊक होते? विचारले म्हणून कळले. आणि कडधान्यावर दूध-दह्याचे काही नकोच. दाण्याचे कूट घाल, दाटपणा येईल.” भारतात मिळणाऱ्या पुष्कळशा चीजवर सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरल्याचे छापलेले असते, हे खरे, पण द्विदलाचा विचार करता या सुपात चीज न घालणे हेच आमच्या घराला पटले. दाण्याच्या कुटाने चव उणी झाली नाही, उलट ती सोलापूरची झाली.

आता आमच्या घरी स्थिरावलेली कृती देते. सहा जणांसाठी 200 ग्रॅम पांढरा राजमा घ्यावा. सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडाही छान लागतो. सकाळी सातला भिजत घालावा, म्हणजे रात्रीचा प्रश्न येत नाही. दुपारी तीनला भिजवलेले पाणी टाकून, नव्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावा. राजमा अर्धाकच्चा राहिल्यास पोटाला बाधतो, म्हणून दाणा बोटाने सहज चिरडला पाहिजे. शिजलेल्यापैकी निम्मा घोटून घ्यावा. दाटपणाचे मर्म यातच आहे.

पातेल्यात चार मोठे चमचे करडईचे किंवा दाण्याचे तेल तापवून पाव चमचा ओवा घालावा. टस्कनीत या सुपात रानटी थाईम घालतात. थाईम आणि ओवा या दोहोंच्या सुगंधाचे कारण थायमॉल हे एकच द्रव्य आहे, त्यामुळे येथे ओवा ही केवळ तडजोड नाही. नंतर 400 ग्रॅम टोमॅटो चिरून, तेल सुटेपर्यंत परतावेत. बटाट्याऐवजी एक कच्चे केळे आणि 250 ग्रॅम दुधी, दोन्हींच्या फोडी घालाव्यात. तेथील काळसर पानांच्या भाजीऐवजी नवलकोलचा कोवळा पाला 250 ग्रॅम, नीट निवडून, धुऊन, चिरून घालावा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच जातीची भावंडे आहेत. पाला न मिळाल्यास पालक किंवा चाकवत चालेल. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असलेल्या घरांनी दुधी आणि पडवळ वाढवावे. घोटलेला व अख्खा राजमा, दीड लिटर गरम पाणी, मीठ आणि मिरपूड घालून अर्धा तास मंद आचेवर ठेवावे. वाढण्यापूर्वी तीन कडक भाकऱ्या चुरून घालाव्यात आणि पाच मिनिटे झाकावे. वरून दोन चमचे दाण्याचे कूट आणि कच्च्या तेलाची धार. कडक भाकरीत ओलावा नसल्याने ती टिकते. तरी प्रत्येक घराने आपापली मर्यादा पाळावी. नसेल तर त्याच दिवशीची भाकरी तव्यावर कडक करून घ्यावी.

आता मुख्य अडचण : हे सूप उरता कामा नये. टस्कनीत उरले तर दुसऱ्या दिवशी त्याचे भाग्य उजळते. आपल्याकडे ते टाकावे लागते. म्हणून माणसे मोजूनच पातेले चढवावे लागते. सासूबाई पूर्वी रोज दुपारी विचारत, “आज पाने किती?” पंक्ती तीन झाल्यापासून त्यांनी हा प्रश्न विचारणे सोडले होते, कारण उत्तर कोणालाच ठाऊक नसे. आता पेढीच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी नात दुपारी तीनला सर्वांना दूरध्वनी करून तोच प्रश्न विचारते. जो ‘हो’ म्हणेल त्याने सूर्यास्तापूर्वी पाटावर असलेच पाहिजे, असा नियम तिनेच केला.

आरंभी मुलगा दोनदा चुकला. दोन्ही वेळा त्याच्या वाटणीचे सूप आम्ही सर्वांनी थोडे थोडे संपवले, आणि उशिरा आल्यावर कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या वेळी तो पावणेसहाला हजर होता. आठवड्याचे उरलेले सहा दिवस पूर्वीसारखेच जातात. व्यापाराची वेळ आम्ही बदलू शकलेलो नाही, हे कबूल केले पाहिजे. पण सुनेची वेगळी शेगडी त्या दिवशी पेटत नाही, आणि सासूबाई एकट्या जेवत नाहीत.

पाककृती घरी नेताना केवळ चव आणून भागत नाही. ती कोणत्या गरजेतून जन्मली हे पाहून आपल्या घरची गरज तिच्याशी ताडून पाहावी लागते. कांदा काढून कच्चे केळे घालणे हा सोपा भाग होता. आमच्या घरात खरा बदल घडवला तो पाने मोजण्याच्या जुन्याच सवयीने.

गेल्या सुटीच्या दिवशी दुपारी नातीने हिशेब सांगितला, “सात.” आम्ही तर सहाच. विचारले तर कळले, पेढीवरील एक वृद्ध कारागीर घरी एकटेच असतात, त्यांना मोठ्या आजीने परस्पर निरोप धाडला होता. मी पातेल्यात एक वाटी पाणी आणि अर्धी भाकरी वाढवली.