डहाणूचे पालघर झाले तेव्हा

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत पालघर मतदारसंघात तीन माजी खासदार एकमेकांसमोर उभे होते. माकपचे लहानू कोम १९७७ साली दिल्लीला गेलेले. काँग्रेसचे दामोदर शिंगडा १९८० पासून सलग चार वेळा आणि २००४ मध्ये पुन्हा एकदा. भाजपचे अ‍ॅड. चिंतामण वनगा १९९६ आणि १९९९ मध्ये. तिघेही पडले. निवडून आले बहुजन विकास आघाडीचे (बविआ) बळीराम जाधव. वनगांवर त्यांची आघाडी होती १२,३६० मतांची.

या तिघांची खासदारकी डहाणूची होती, पालघरची नव्हे. २००८ च्या पुनर्रचनेत डहाणू हा लोकसभा मतदारसंघच संपला. त्यापूर्वी डहाणू, जव्हार, वाडा असा डोंगरी मुलूख एका खासदाराकडे होता आणि पालघर, वसईची बंदरपट्टी जोडलेली होती थेट उत्तर मुंबईला. १९६९ पासून तारापूरच्या अणुभट्ट्या वीज देत होत्या, बोईसरला एमआयडीसी वाढत होती. पण इथल्या मतदाराचा खासदार बोरिवली-मालाडच्या मतदाराचाही असे. १९८९ पासून पाच वेळा राम नाईक, २००४ मध्ये चित्रपट अभिनेते गोविंदा. सातपाटीच्या मच्छीमाराने आणि कांदिवलीच्या सोसायटीतल्या नोकरदाराने एकाच नावापुढे शिक्का मारायचा, असा तो नकाशा. पुनर्रचनेने बंदरपट्टी मुंबईपासून तोडून डोंगराला बांधली, आणि जाता जाता वसई-विरार-नालासोपाऱ्याची दाट वस्तीही त्याच गाठोड्यात घातली.

माझ्या मते या मतदारसंघाचा पुढचा सारा इतिहास त्या गाठोड्याच्या वजनाचा आहे. २०२४ च्या यादीत एकूण २१ लाखांवर मतदार होते. त्यांत एकट्या नालासोपाऱ्याचे सुमारे सहा लाख, डहाणूचे जेमतेम तीन लाख. खासदारकी अनुसूचित जमातीसाठी राखीव. पण तो आदिवासी खासदार कोण, हे ठरवण्यात नालासोपाऱ्याच्या इमारतींचा वाटा तलासरीच्या पाड्यांपेक्षा मोठा. २००९ चा निकाल हेच सांगत होता. विरारच्या ‘आप्पां’चा, म्हणजे हितेंद्र ठाकूरांचा, पक्ष आदिवासी भागात नवखा होता, तरी त्याच्या निवडणूक चिन्हाची शिट्टी दिल्लीत ऐकू गेली.

डोंगरातल्या राजकारणाची मुळे वेगळीच. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. पुढे १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. लालबावट्याच्या तलासरी तालुक्यातच माधवराव काण्यांनी वनवासी कल्याण केंद्राचे काम उभे केले, आणि त्या वळणातून वनगा घडले. कोम आणि वनगा दोघेही तलासरीचे; एक लाल, एक भगवा. काँग्रेस या दोघांच्या मधून वाट काढत जिंकायची. १९९८ मध्ये काँग्रेसच्या शंकर नम यांनी वनगांना पाडले, पुढच्याच वर्षी वनगांनी जागा परत घेतली. भांडण चुरशीचे होते, पण घरातले होते.

पुनर्रचनेने पालघर विधानसभेचे गणितही बदलले. २००८ पूर्वी ती जागा खुली होती. शिवसेनेच्या मनीषा निमकर तिथून आमदार होत्या. पुनर्रचनेनंतर डहाणू, विक्रमगड, पालघर आणि नवा बोईसर असे चारही मतदारसंघ राखीव होते. खुले उरले वसई आणि नालासोपारा. किनाऱ्यावरच्या मांगेला, भंडारी, वाडवळ समाजात ‘आमच्यातला माणूस उभाच राहू शकत नाही’ अशी कुरबूर तेव्हापासून ऐकू येते. ती खोटी नाही; मात्र पक्षांची जिल्हा पातळीवरची सूत्रे कोणाच्या हाती असतात हे पाहिले, तर बंदरपट्टी अगदीच वाऱ्यावर नाही हेही दिसते.

राखीव झालेल्या पालघरमधून २००९ मध्ये काँग्रेसचे राजेंद्र गावित आमदार झाले. मूळचे नंदुरबारचे, पुढे आदिवासी विकास राज्यमंत्री. २०१४ मध्ये शिवसेनेच्या कृष्णा घोडांनी त्यांना अवघ्या ५१५ मतांनी हरवले. वर्षभरातच घोडा गेले. २०१६ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव अमित जिंकले आणि पुन्हा पडले गावितच. पण हा गडी खचणारा नव्हता. ३० जानेवारी २०१८ ला, तोवर पालघरचे खासदार झालेल्या चिंतामण वनगांचे निधन झाले. त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेत गेले, म्हणून भाजपने काँग्रेसमधून गावितांना आणले. मुंबई-दिल्लीत एकत्र सत्तेत बसलेले दोन पक्ष इथे एकमेकांच्या उरावर बसले. पोटनिवडणुकीत गावित २९,५७२ मतांनी जिंकले. वर्षाने युतीच्या वाटणीत जागा शिवसेनेला गेली, तसे उमेदवार गावितही शिवसेनेला गेले! चिन्ह बदलले, खासदार तोच. श्रीनिवासना २०१९ ला पालघरची आमदारकी मिळाली. समोर होते काँग्रेसचे योगेश नम, शंकर नम यांचे पुत्र. बापांची लढत मुलांनी पुढे नेली.

बोईसरची गोष्ट अशीच उलटसुलट. विलास तरे २००९ आणि २०१४ मध्ये बविआचे आमदार. २०१९ ला ते शिवसेनेत गेले आणि बविआच्या राजेश पाटलांकडून तीन हजारांच्या आतल्या फरकाने हरले. २०२४ मध्ये शिवसेनेच्या शिंदे गटातून जिंकून आले. कारखान्यांतले परप्रांतीय कामगार, मनोरकडचे पाडे आणि वसई पूर्वेची गावे, असा हा एकमेकांशी फारसे बोलणे नसलेल्या वस्त्यांचा मतदारसंघ. इथे पक्षापेक्षा माणसाचा राबता चालतो.

२०२४ च्या लोकसभेला वाढवणच्या नियोजित बंदराला असलेला विरोध भाजपला भोवेल, असा किनाऱ्यावर बोलबाला होता. निकाल वेगळा लागला: भाजपचे नेते विष्णू सवरांचे पुत्र डॉ. हेमंत सवरा त्याच पक्षाकडून ठाकरे गटाच्या भारती कामडींवर १,८३,३०६ मतांनी विजयी. १९ जूनला केंद्राने ७६,२२० कोटींच्या बंदराला मंजुरीही दिली. बंदरामुळे ज्यांच्या जाळ्यांवर संकट येणार, त्या गावांची मते गाठोड्यात किती, हा हिशेब पक्षांना आधीच ठाऊक असावा.

त्याच नोव्हेंबरात विधानसभेला वसईत खुद्द आप्पा पडले, नालासोपाऱ्यात त्यांचे पुत्र क्षितिज ठाकूर पडले, पालघरला श्रीनिवास वनगांचे तिकीट कापून गावित आमदार झाले. सहापैकी पाच जागा महायुतीला. सहाव्या, डहाणूच्या जागेवर माकपचे विनोद निकोले पाच हजारांच्या आसपास मतांनी टिकले. पुढची पुनर्रचना लोकसंख्येवर झाली, तर नालासोपाऱ्याला आणखी आमदार मिळतील आणि त्याची भरपाई कुठल्या तरी पाड्यांच्या तालुक्यातून होईल. डहाणूचे नाव लोकसभेच्या नकाशावरून गेलेच आहे; विधानसभेच्या नकाशावर ते आजच्या हद्दीनिशी राहील, याची खात्री मला वाटत नाही.