वरकस गेले, आता राब कुठला?

एप्रिल-मे महिन्यात कल्याणहून मुरबाडकडे निघाले की पूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांना राबाचा धूर दिसायचा. आता तो तुरळक झाला आहे. धूर कमी झाला हे चांगलेच, असे शहरातला माणूस म्हणेल. पण तो का कमी झाला, हे शेतकरी बंधूंनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी थोडे थांबून पाहायला हवे.

गेल्या मे महिन्यात टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका गावी गेलो होतो. साठी ओलांडलेले एक काका टेम्पोतून पाला उतरवून घेत होते. मी म्हटले, "काका, पाला आणि टेम्पोने?" तर म्हणाले, "वरकस इकलं ना साहेब. मेव्हण्याकडनं आनला, मुरबाडच्या पल्याडनं. भाडंच एवढं झालं की त्यात दोन पोती भात आलं असतं."

काकांची एकरभर भातखाचरे आणि वरच्या अंगाला अडीच एकर वरकस होते. मुलीचे लग्न निघाले, घर काढले, भाव चांगला आला. विकण्याआधी त्यांनी मला विचारले होते. मी म्हणालो होतो, "पडीकच तर आहे." कृषी पदविका घेतलेल्या माणसाने असे बोलायला नको होते. म्हणून हा लेख.

नव्याने बदलून आलेल्या ग्रामसेवक-तलाठी मंडळींसाठी आधी राब म्हणजे काय ते सांगतो. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात तलाठीच चालते.) भाताचे रोप ज्या जागी टाकायचे तिथे खाली शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा पसरतात. त्यावर ऐन-किंजळीचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर. पेटवायचे ते वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे भडका न होता आच धुमसत राहते. जमीन चांगली भाजून निघते. पाऊस लागला की त्या राखेत भात पेरायचे. तणाचे बी जळलेले असते, राखेचे खत मिळते, आणि माती भुसभुशीत झाल्याने आवण मुळासकट अलगद उपटते. हे तिसरे कारण आमच्या पुस्तकात फारसे नसते, पण पावसात दिवसभर वाकून आवण खणणाऱ्या बाईला विचारा, ती तेच पहिले सांगेल.

एवढा टहाळ आणि गवत यायचे कुठून? वरकसातून. म्हणूनच सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, तरी यांच्याबरोबर वरकस ही नोंद वेगळी. ती जमीन रिकामी कधीच नव्हती. खाचराच्या रोपांची सोय तिच्यावर, गुरांची वैरण तिच्यावर, आणि उरलेले गवत तबेल्यांना विकून चार पैसेही तिच्यावरच मिळायचे.

हा प्रश्न आजचा नाही. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलातला टहाळ तोडण्यावर बंधने आली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढी गाऱ्हाणी झाली की सरकारला 1885 साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. राबाशिवाय भात होते की नाही, हा त्या वेळचा मोठा वाद. जंगल खाते म्हणे शेतकरी झाडे बोडकी करतो. शेतकरी म्हणे टहाळ नाही तर भात नाही. पुढे 1912 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राब पद्धतीवर शोधनिबंधच प्रसिद्ध केला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या रूढीला अडाणीपणा म्हणून झटकून न टाकता, जमीन भाजल्याने मातीत काय बदल होतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासले. मला त्या माणसांचे मोठेपण यातच वाटते.

राबाचे तोटे खरेच आहेत. जाळताना पाल्यातला नत्र हवेत जातो. ज्या शेणापाल्याचे खत होऊन खाचरात पडायला हवे त्याची राख होते. झाडे दरवर्षी बोडकी होतात आणि उतारावरची माती पावसाबरोबर खाली येते. म्हणून कर्जतचे भात संशोधन केंद्र, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि आमचे खाते गादीवाफ्याची शिफारस करतात. शिफारस बरोबर आहे. ती सांगण्याची पद्धत मात्र माझीच चुकली होती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शेतात गादीवाफ्याचे प्रात्यक्षिक घेतले. राब नाही, नुसते वाफे, शेणखत, युरिया. पंधरा दिवसांत रोपापेक्षा तण उंच! घरच्या बाईने तीन दिवस बसून खुरपले आणि मला सुनावले, "तुमचे कागद आणा भाऊ, पुढल्या साली त्यांनीच राब भाजू." आगीचे काम दुसरे कोणी करायला हवे, हे मी सांगितलेच नव्हते. आता सांगतो. वळवाची सर पडली की वाफ्याची जागा नांगरून ठेवावी, तण उगवू द्यावे आणि पेरणीआधी ते वरच्या वर खरवडून काढावे. दोनदा जमले तर उत्तम. मग मीटरभर रुंदीचे गादीवाफे करून ओळीत बी पेरावे. बियाणे आधी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळून त्यात बुडवावे, तरंगणारे पोचट भात फेकावे, तळाचे स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावे. हेक्टरी लावणीला साधारण दहा गुंठे रोपवाटिका धरतात, म्हणजे एकराला चार गुंठे.

राखेचे काय? ती गिरणीत आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. त्यातल्या सिलिकाने रोप कणखर होते, करपा आणि खोडकिडा कमी येतो. तूस धुमसत जाळावे आणि काळे झाले की पाणी मारून विझवावे. पांढरी राख झाली तर गुण गेला. एकराच्या चार गुंठ्यांना निदान 200 किलो राख लागते. हा आकडा मोठा आहे, तेव्हा गिरणीवाल्याशी दिवाळीनंतर भात भरडतानाच बोलून ठेवावे. मे महिन्यात धावाधाव करून मिळत नाही. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. बांधावर ही झाडे लावली तर लावणीआधी आठवडाभर गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला चिखलात गाडता येतो. वरकस गेलेल्या शेतकऱ्याचे उरलेले वरकस म्हणजे त्याचे बांधच. ग्रामपंचायतीने आराखड्यात गिरिपुष्पाची रोपे धरली, तर त्याला फार खर्च नाही.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा तंत्र तर रोपवाटिकाच काढून टाकते. कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने 25 सेंटिमीटरवर बी टोकायचे; चिखलणी नाही, आवणी नाही. मजूर मिळत नाहीत त्यांनी जरूर पाहावे. मात्र पहिल्याच पावसात गुडघाभर पाणी साचणाऱ्या खोल खाचरात बी कुजते, आणि तणनाशकावर भर असल्याने मात्रा आणि वेळ नीट पाळावी लागते. तिथे माझा सल्ला आवणीचाच.

आता एक गोष्ट जी कृषी खात्याच्या कक्षेत नाही, तरी बोलतो. बांधकामाला आधी वरकस लागते, कारण ते उंच आणि कोरडे. खाचर भरायला भराव पडतो. कल्याण-डोंबिवलीची 27 गावे 1983 साली पालिकेत गेली, 2002 साली बाहेर आली, 2015 साली पुन्हा आत गेली. गावे आत की बाहेर याची चर्चा झाली, पण वरकस सपाट झाल्यावर पाणी कुठे जाणार, याची फारशी झाली नाही. ते खालच्याच्या खाचरात जाते, मुरूम घेऊन. ओहोळ बुजवला तर खाचर बुडते नाहीतर सुकते. अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पुष्कळ जण पावसाळाभर भांडतात, दिवाळीत विसरतात आणि पुढच्या जूनमध्ये तहसील कचेरीत येतात. तोवर मुदत गेलेली असते. अडथळा दिसला की फोटो काढावा, तारीख लिहावी, पंचनाम्याचा अर्ज द्यावा.

ज्यांना विकायचेच आहे त्यांना मी अडवू शकत नाही. लग्ने आणि दवाखाने कोणाला चुकलेत? पण विकण्याआधी ओहोळ आणि खाचराकडे जाणारी वाट खरेदीखतात लिहून घ्यावी, आणि निदान दहा-पंधरा गुंठे उंच जागा रोपासाठी राखावी.

काकांनी तेवढीही राखली नाही. यंदा त्यांनी एका खाचराचा वरचा कोपरा रोपासाठी काढला आहे. दोन गुंठ्यांत राब, मेव्हण्याच्याच पाल्याचा, आणि दोन गुंठ्यांत माझे गादीवाफे, गिरणीच्या राखेसह. मी म्हटले, चारही गुंठे वाफेच करा. तर म्हणाले, "एकदा तुझं ऐकून वरकस इकलं. आता आधी आवण उपटून बघीन, मग सांगीन."